एका इलेक्ट्रॉनचा माग : हलक्या कृष्णद्रव्याचा शोध

प्रोटॉनपेक्षा कमी वस्तुमानाच्या कणांचे बनलेले कृष्णद्रव्य म्हणजे हलके कृष्णद्रव्य. विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी सुमारे पाच-षष्ठांश भाग कृष्णद्रव्याचा, म्हणजेच ‘डार्क मॅटर’चा आहे, हे खगोलशास्त्राने अनेक वाटांनी पडताळून पाहिले आहे. तो भाग कोणत्या कणांचा आहे, हे मात्र अजून उलगडलेले नाही. कित्येक दशके शोध चालला तो प्रोटॉनच्या दहापट ते हजारपट जड कणांचा. ते हाती लागले नाहीत, तसे संशोधकांचे लक्ष हलक्या कणांकडे वळले आणि त्याबरोबर शोधाची साधनेही बदलली. जड कणांसाठी अनेक टन द्रव भरलेल्या टाक्या लागतात. हलक्या कणांचा माग काही ग्रॅम सिलिकॉनमध्येही घेता येतो. अट एकच : त्या सिलिकॉनमध्ये सुटा झालेला प्रत्येक इलेक्ट्रॉन मोजता आला पाहिजे.

न दिसणारे द्रव्य

कृष्णद्रव्याची पहिली ठळक खूण १९३३ मध्ये मिळाली. स्विस खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या दीर्घिकांच्या थव्याचा अभ्यास केला. त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या द्रव्याचे गुरुत्वाकर्षण त्यांना एकत्र धरून ठेवायला पुरले नसते. पुढे १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचे भ्रमण मोजले. सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने फिरतो, तर दूरचा नेपच्यून अवघ्या साडेपाच किलोमीटरने. केंद्रापासून दूर जावे तसा वेग घटतो. देवयानीच्या कडेला तसे होत नव्हते. तिथले वेग जवळजवळ कायम राहत होते. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या पलीकडेही भरपूर द्रव्य पसरलेले आहे, असाच याचा सरळ अर्थ होता.

विश्वाच्या बाल्यावस्थेतून आलेल्या सूक्ष्मलहरींचे मोजमाप युरोपच्या प्लँक उपग्रहाने केले. त्यावरून विश्वाचा ताळेबंद मांडता आला : सुमारे ५ टक्के साधे द्रव्य, २७ टक्के कृष्णद्रव्य आणि ६८ टक्के कृष्णऊर्जा. कृष्णद्रव्य प्रकाश देत नाही, शोषत नाही आणि परतवतही नाही. गुरुत्वाकर्षणाखेरीज त्याचा कोणताही परिणाम आजवर खात्रीने दिसलेला नाही.

तरीही ते केवळ दूरच्या दीर्घिकांत आहे असे नाही. आकाशगंगेच्या कृष्णद्रव्यातूनच सूर्यमाला सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने प्रवास करते. सूर्याच्या परिसरात दर लिटर जागेत सरासरी सुमारे ३०० प्रोटॉनच्या वस्तुमानाइतके कृष्णद्रव्य असावे, असा अंदाज आहे. कृष्णद्रव्याचा एक कण शंभर प्रोटॉनइतका जड असेल, तर एका लिटरच्या बाटलीत असे तीनच कण असतील. तोच कण प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतका हलका असेल, तर त्याच बाटलीत तीन लाख कण असतील. कण जितका हलका तितकी त्याची संख्या जास्त, म्हणून लहानशा उपकरणावरही तो आदळण्याची शक्यता वाढते.

जड कणांकडून हलक्या कणांकडे

१९८० च्या दशकापासून कृष्णद्रव्याचा लाडका उमेदवार होता ‘विंप’ : दुर्बल बलाने क्रिया करणारा, प्रोटॉनहून कितीतरी जड कण. अशा कल्पनेला आधार होता. तापलेल्या आदिम विश्वात हे कण निर्माण होत होते आणि एकमेकांशी भिडून नष्टही होत होते. विश्व प्रसरण पावत थंड झाले तसे ते विरळ झाले आणि उरलेले कण कायमचे शिल्लक राहिले. दुर्बल बलाइतक्या ताकदीची क्रिया गृहीत धरली, तर शिल्लक राहिलेल्या कणांचे प्रमाण आज दिसणाऱ्या कृष्णद्रव्याशी बऱ्यापैकी जुळते.

बेंजामिन ली आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९७७ मध्ये याच गणिताची दुसरी बाजू दाखवली. नेहमीच्या दुर्बल बलावर अवलंबून असलेला कण सुमारे दोन प्रोटॉनच्या वस्तुमानापेक्षा हलका असेल, तर तो पुरेसा नष्ट होत नाही आणि विश्वात गरजेपेक्षा कितीतरी जास्त उरतो. त्यामुळे बराच काळ हलक्या कणांचा विचार मागे पडला. पण ही मर्यादा दुर्बल बलापुरतीच आहे. कृष्णद्रव्याला स्वतःचे वेगळे बल असेल, तर हलके कणही योग्य प्रमाणात उरू शकतात. बॉब होल्डम यांनी १९८६ मध्ये मांडलेली एक कल्पना इथे उपयोगी पडली. प्रकाशकणाचा म्हणजे फोटॉनचा एखादा जड भाऊबंद असू शकतो आणि तो नेहमीच्या फोटॉनमध्ये किंचित मिसळलेला असू शकतो. हा ‘कृष्ण फोटॉन’ दृश्य आणि अदृश्य द्रव्यातला अरुंद पूल ठरतो. हलके कृष्णद्रव्य असलेच, तर या पुलावरूनच ते इलेक्ट्रॉनला किंवा प्रोटॉनला स्पर्श करील, असे अनेक प्रयोगांनी गृहीत धरले आहे.

धक्क्याचे गणित

कृष्णद्रव्याचा कण थेट दिसत नाही. त्याने दिलेला धक्का तेवढा टिपता येतो. कॅरमच्या बोर्डावर एक सोंगटी दुसऱ्या सोंगटीवर समोरासमोर आदळली, की पहिली थांबते आणि दुसरी जवळजवळ त्याच वेगाने निघते. तीच सोंगटी लाकडी चौकटीवर आपटली, तर परत फिरते. चौकट मात्र ढिम्म राहते. वस्तुमाने सारखी असतील तर ऊर्जा सहज हातोहात जाते. फरक मोठा असेल तर जात नाही.

विंपच्या शोधासाठी झेनॉनची निवड झाली, ती काही अंशी याच कारणाने. झेनॉनचे केंद्रक सुमारे १३१ प्रोटॉनइतके जड असते, त्यामुळे शंभर प्रोटॉनइतका कण त्याला चांगला धक्का देतो. अमेरिकेत साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, एल-झेड प्रयोगाची सात टन द्रवरूप झेनॉनची टाकी हेच काम करते. इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखाली झेनॉन-एन-टी आणि चीनमधल्या जिनपिंग डोंगराखाली पांडा-एक्स ही त्याच घडणीची उपकरणे आहेत. तिन्हींनी विंपसाठीच्या मर्यादा कमालीच्या कडक केल्या आहेत.

हलक्या कणासाठी हेच झेनॉनचे केंद्रक कॅरमची चौकट ठरते. हा फरक आकड्यांत पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन व्होल्ट हे एकक वापरतात. एका व्होल्टच्या विद्युतदाबातून जाताना इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन व्होल्ट. दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये अशी साधारण दोन ते तीन एकके असतात. प्रोटॉनच्या एक-दशांश वस्तुमानाचा कण सेकंदाला २३० किलोमीटर वेगाने येत असेल, तर त्याच्याजवळ सुमारे २८ इलेक्ट्रॉन व्होल्ट गतिज ऊर्जा असते. झेनॉनच्या केंद्रकाशी टक्कर झाली, तर त्यातली जेमतेम ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट केंद्रकाला मिळते. मोठ्या टाक्यांना इतका बारीक धक्का जाणवतच नाही. त्या सर्वसाधारणपणे काही हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचे धक्के टिपण्यासाठी बांधलेल्या आहेत.

यावर दोन उपाय आहेत : केंद्रक हलके निवडायचे, नाहीतर केंद्रक सोडून इलेक्ट्रॉनकडे वळायचे. अणूतला इलेक्ट्रॉन हलका तर असतोच, शिवाय तो स्थिर नसतो. त्याचा वेग कृष्णद्रव्याच्या कणापेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे टक्करीत कणाची बरीचशी ऊर्जा इलेक्ट्रॉनला मिळण्याची शक्यता निर्माण होते. रूवेन एसिग, जेरेमी मार्डन आणि टोमर व्होलान्स्की यांनी २०१२ मध्ये हा मार्ग तपशिलाने मांडला आणि हलक्या कृष्णद्रव्याच्या थेट शोधाला दिशा मिळाली.

एकेक इलेक्ट्रॉन मोजणारी चकती

झेनॉनच्या अणूतून इलेक्ट्रॉन मोकळा करायला बारा इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात जागेवर बांधलेला इलेक्ट्रॉन हलता करायला सुमारे १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. साहजिकच हलक्या कणांच्या शोधात सिलिकॉनला मोठे मोल आले. त्यासाठीचे साधनही तयार होते. विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये शोधलेली सीसीडी चकती दुर्बिणींत आणि कॅमेऱ्यांत अनेक वर्षे वापरात होती. २००९ मध्ये या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले.

सीसीडीच्या प्रत्येक चौकोनात साठलेला विद्युतभार क्रमाने कडेला सरकवून मोजला जातो. या मोजणीत नेहमी एक-दोन इलेक्ट्रॉनांची चूक राहते. आकाशाच्या छायाचित्राला त्याने फारसा फरक पडत नाही. पण शोधायचा धक्का एका इलेक्ट्रॉनचाच असेल, तर अशी चूक परवडत नाही. ‘स्किपर’ सीसीडीने ही अडचण सोडवली. तिच्यात तोच विद्युतभार न गमावता पुन्हा पुन्हा मोजता येतो. शंभर वेळा मोजून सरासरी काढली, की चूक दहापटीने घटते. कल्पना १९९० च्या सुमाराची असली तरी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखालील गटाने एकेक चौकोन ४,००० वेळा मोजून चूक ०.०६८ इलेक्ट्रॉनपर्यंत खाली आणली. शून्य, एक, दोन, तीन असे इलेक्ट्रॉन आता अक्षरशः मोजता येऊ लागले.

याच चकत्यांवर सेन्सेई हा प्रयोग उभा राहिला. त्याची सुरुवातीची मोजमापे जमिनीवर, सुमारे ०.१ ग्रॅम सिलिकॉन वापरून झाली आणि तेवढ्यातूनही नव्या मर्यादा मिळाल्या. नंतर हा प्रयोग फर्मिलॅबच्या भूमिगत दालनात आणि तिथून कॅनडात सडबरीजवळच्या निकेलच्या खाणीतल्या स्नोलॅबमध्ये, दोन किलोमीटर खोल गेला. फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या फ्रेज्युस बोगद्यालगतच्या मोदान प्रयोगशाळेत डॅमिक-एम हा प्रयोग याच तंत्राने चालतो. त्याच्या प्राथमिक संचाच्या निष्कर्षांनी २०२५ मध्ये कृष्ण फोटॉनवर आधारलेल्या काही सोप्या आणि लोकप्रिय प्रतिमानांचा मोठा भाग बाद केला.

गोठवलेले स्फटिक, थेंब आणि द्रव

दुसरा मार्ग उष्णतेचा. स्फटिकातल्या केंद्रकाला धक्का बसला, की स्फटिक कंप पावतो आणि किंचित तापतो. ही वाढ मोजायची तर स्फटिक मुळात अतिथंड हवा. ग्रान सासोतल्या क्रेस्ट प्रयोगात कॅल्शियम टंगस्टेटचे स्फटिक निरपेक्ष शून्याच्या वर केवळ १५ हजारांश केल्विन तापमानात ठेवतात. स्फटिकावर टंगस्टनचा पातळ थर असतो. तो अतिवाहक अवस्थेच्या काठावर राखलेला असतो, त्यामुळे तापमान अगदी किंचित वाढले तरी त्याचा विद्युतरोध झपाट्याने बदलतो. २०१९ मध्ये क्रेस्टने सुमारे २४ ग्रॅमच्या स्फटिकात ३० इलेक्ट्रॉन व्होल्टचा धक्काही टिपता येतो हे दाखवले आणि प्रोटॉनच्या सहाव्या भागाइतक्या हलक्या कणांपर्यंत शोध नेला. ऑक्सिजनचे हलके केंद्रक त्या स्फटिकात असल्याचा इथे फायदा होतो. स्नोलॅबमधला सुपर-सीडीएमएस प्रयोग सिलिकॉन आणि जर्मेनियमच्या स्फटिकांवर विद्युतदाब लावतो. मोकळे झालेले इलेक्ट्रॉन त्या दाबाने स्फटिकातून ओढले जाताना जादा कंपने निर्माण करतात आणि मूळचा अस्पष्ट संकेत मोठा होऊन मिळतो.

भारतातला प्रयत्न वेगळ्या तंत्राचा आहे. झारखंडमधल्या जादुगुडा इथल्या युरेनियमच्या खाणीत ५५५ मीटर खोलीवर २०१७ मध्ये भूमिगत प्रयोगशाळा सुरू झाली. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लिअर फिजिक्सच्या पुढाकाराने तिथे ‘इंडेक्स’ प्रयोग चालतो. त्यात अतितप्त द्रवाचे सूक्ष्म थेंब जेलमध्ये धरून ठेवलेले असतात. उत्कलनबिंदू ओलांडूनही द्रवरूपातच राहिलेल्या अशा थेंबाला केंद्रकाचा धक्का बसला, की त्याचा झटकन बुडबुडा होतो आणि त्याचा आवाज ध्वनिसंवेदक टिपतो. या द्रवात हायड्रोजन, कार्बन आणि फ्लोरिन असल्यामुळे हलक्या कणांना त्यांच्या तोलाची केंद्रके मिळतात.

झेनॉनच्या मोठ्या टाक्याही या शोधातून बाद झालेल्या नाहीत. नेहमी त्यांत प्रकाश आणि इलेक्ट्रॉन असे दोन संकेत एकत्र पाहतात. प्रकाशाचा संकेत सोडून फक्त इलेक्ट्रॉन मोजले, तर कितीतरी लहान धक्के हाती येतात. द्रवातून वायूत खेचलेला एकेक इलेक्ट्रॉन प्रकाशाचे अनेक फोटॉन देतो, म्हणून तो ओळखता येतो. आणखी एक आशा आहे ती मिग्दाल परिणामाची. सोव्हिएत शास्त्रज्ञ आर्कादी मिग्दाल यांनी दाखवले होते, की केंद्रक अचानक हलले की भोवतालच्या इलेक्ट्रॉनांपैकी एखादा मागे राहून सुटू शकतो. केंद्रकाचा धक्का जाणवला नाही तरी हा सुटलेला इलेक्ट्रॉन जाणवेल.

उंबरठ्यावरचा गोंगाट

या सगळ्या उपकरणांत एक अडचण समान आहे. संकेत ओळखण्याचा उंबरठा जितका खाली न्यावा, तितका गोंगाट आत शिरतो. वैश्विक किरण टाळायला प्रयोग जमिनीखाली जातात. खडकातला आणि यंत्राच्या धातूंतला किरणोत्सार अडवायला शिसे, तांबे आणि पाणी यांचे थर रचले जातात. पण काही इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पातळीवर खुद्द उपकरणच बोलू लागते. सीसीडीत उष्णतेने आणि प्रकाशाच्या सूक्ष्म गळतीने इलेक्ट्रॉन सुटतात. झेनॉनमध्ये एखाद्या मोठ्या घटनेनंतर बराच वेळ सुटे इलेक्ट्रॉन ठिबकत राहतात. क्रेस्टला २०० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खाली अनपेक्षितपणे जादा घटना दिसल्या आणि तसाच अनुभव जगभरच्या इतर प्रयोगांनाही आला.

हे कृष्णद्रव्य असते, तर वेगवेगळ्या पदार्थांत त्याचे प्रमाण एका हिशेबात बसायला हवे होते. ते बसले नाही. क्रेस्टच्या आरंभीच्या काळात स्फटिक फार घट्ट आवळल्यामुळे त्यांत सूक्ष्म तडे जात होते आणि तेच संकेत वाटत होते, असे आढळले होते. नव्या अभ्यासांतही स्फटिकाला चिकटवण्याच्या किंवा धरण्याच्या पद्धतीमुळे साठलेला ताण हळूहळू मोकळा होतो आणि त्यातून कंपनांचे झटके उठतात, असे दिसले. म्हणून आता स्फटिक टांगायची पद्धत, गोंद आणि धातूचे थर यांवर तितक्याच काळजीने काम होते.

संकेताची पारख किती कठोर असते, हे दोन उदाहरणांवरून कळते. ग्रान सासोतल्या डामा प्रयोगाला सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांत घटनांची संख्या वर्षभराच्या तालावर वरखाली होताना दिसली. जूनच्या सुरुवातीस पृथ्वीची गती सूर्याच्या गतीशी मिळते, त्या वेळी कृष्णद्रव्याचा वारा जास्त जोराने लागावा, ही अपेक्षा त्याशी जुळत होती. दहा प्रोटॉनच्या आसपासचा तुलनेने हलका कण हा त्याचा एक अर्थ होता. पण स्पेनमधल्या अनाईस आणि दक्षिण कोरियातल्या कोसाइन या प्रयोगांनी तोच पदार्थ वापरून पाहिले आणि त्यांना तो ताल सापडला नाही. २०२० मध्ये झेनॉन-वन-टी प्रयोगात कमी ऊर्जेच्या पट्ट्यात सुमारे २३२ घटना अपेक्षित असताना २८५ दिसल्या. नव्या कणापासून ट्रिशियमच्या लेशमात्र अंशापर्यंत अनेक खुलासे पुढे आले. अधिक शुद्ध झेनॉन वापरणाऱ्या झेनॉन-एन-टीने २०२२ मध्ये पुन्हा मोजले, तेव्हा तो जादा भाग उरला नव्हता.

प्रयोगशाळेत घडवून पाहणे

आकाशातून येणाऱ्या कणाची वाट न पाहता तो त्वरकात घडवण्याचा प्रयत्नही चालू आहे. इथे कणांचा वेग प्रकाशाच्या जवळपास असतो, म्हणून उंबरठ्याची अडचण येत नाही. शोध असतो तो हरवलेल्या ऊर्जेचा. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये एनए-६४ प्रयोग १०० गीगा इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन जाड लक्ष्यावर सोडतो आणि प्रत्येकाची ऊर्जा मोजतो. एखाद्या टक्करीत कृष्ण फोटॉन तयार होऊन कृष्णद्रव्यात विरला, तर तेवढी ऊर्जा हिशेबातून नाहीशी होईल. २०२२ पर्यंत नऊशेहून अधिक अब्ज इलेक्ट्रॉन तपासूनही असा एकही प्रसंग आढळला नाही. अमेरिकेत फर्मिलॅबच्या मिनीबून यंत्रणेने प्रोटॉनचा झोत लोखंडात जिरवून पलीकडे काही निसटते का, हे पाहिले.

जपानमधल्या त्सुकुबा इथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टक्करी घडवणारा बेल-टू प्रयोग अशाच हरवलेल्या ऊर्जेवर नजर ठेवतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा पहिला भौतिकीविषयक निबंधच अदृश्य कणांत विरणाऱ्या नव्या बलवाहकाच्या शोधाबद्दल होता. या प्रयोगातल्या सिलिकॉन संवेदकांचा एक थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने उभारला आहे.

त्याहूनही हलके

काही उमेदवार इलेक्ट्रॉनपेक्षाही अब्जावधी पट हलके आहेत. त्यांत ॲक्झिऑन मुख्य. रोबेर्तो पेच्चेई आणि हेलन क्विन यांनी १९७७ मध्ये प्रबल बलातले एक कोडे सोडवण्यासाठी सुचवलेल्या कल्पनेतून हा कण पुढे आला. इतके हलके कण दाटीवाटीने एकत्र आले, की त्यांचे वर्तन लाटेसारखे होते. त्यांचा धक्का मोजण्याला अर्थ राहत नाही. पिएर सिकिव्ही यांनी १९८३ मध्ये उपाय सुचवला : प्रखर चुंबकीय क्षेत्रात ॲक्झिऑनचे रूपांतर सूक्ष्मलहरीत होऊ शकते. सिॲटलमधल्या ए-डी-एम-एक्स प्रयोगात चुंबकाच्या पोटात धातूची पोकळी बसवलेली आहे. रेडिओवर स्टेशन लावावे तशी तिची कंप्रता थोडी थोडी सरकवत ती अपेक्षित गुणगुण ऐकली जाते. २०१८ मध्ये या प्रयोगाने एका छोट्या पट्ट्यात सिद्धांतानुसार अपेक्षित इतकी संवेदनशीलता गाठली. पुढचे पट्टे चाळण्याचे काम चालू आहे.

आजची स्थिती

हलक्या कृष्णद्रव्याचा कोणताही सर्वमान्य संकेत अद्याप मिळालेला नाही. तरी प्रत्येक प्रयोगाने शक्यतांचा एकेक तुकडा बाद केला आहे आणि उरलेली जागा स्पष्ट केली आहे. झेनॉनच्या टाक्यांना आता सूर्यातल्या बोरॉनपासून निघालेल्या न्यूट्रिनोंचे धक्के जाणवू लागले आहेत. झेनॉन-एन-टी आणि पांडा-एक्स यांनी २०२४ मध्ये त्याची पहिली चिन्हे नोंदवली. पाच ते सहा प्रोटॉनइतक्या वस्तुमानाचा कण या न्यूट्रिनोंसारखाच धक्का देतो, त्यामुळे त्या पट्ट्यात दोघांना वेगळे करणे अवघड होणार आहे. त्याच वेळी ही उपकरणे खरोखर नाजूक धक्के ओळखू शकतात, याची पावतीही निसर्गाने दिली आहे.

पुढची योजना दोन दिशांनी चालली आहे. ‘ऑस्क्युरा’ प्रकल्पात दहा किलोग्रॅम स्किपर सीसीडींचा संच उभारायचा आहे. दुसरीकडे अतिद्रव हेलियम, अतिवाहक तारांचे संवेदक आणि सिलिकॉनपेक्षाही कमी ऊर्जेत इलेक्ट्रॉन सोडणारे पदार्थ तपासले जात आहेत. कॅलिफोर्नियात एल-डी-एम-एक्स हा हरवलेल्या संवेगाचा प्रयोग आखला आहे. कृष्ण फोटॉनच्या पुलावरून येणाऱ्या, आदिम विश्वातून शिल्लक राहिलेल्या हलक्या कणासाठी सिद्धांताने ठरावीक लक्ष्यरेषा आखून दिल्या आहेत. या रेषांपर्यंत पोहोचणारी संवेदनशीलता आता आवाक्यात आली आहे. त्या ओलांडल्यावर एकतर कण सापडेल, नाहीतर कृष्णद्रव्याबद्दलची एक साधी आणि सुबक कल्पना पुराव्यानिशी मागे घ्यावी लागेल.